मावळांतलें घर

राजगडाच्या पद्मावती माचीवर चढून गेलेल्या मनुष्यास ठिकठिकाणीं दिसतात ते चौथरे. चार बाजूंना दगडांच्या ओळी, मध्यें गुडघाभर गवत, आणि कोठें एखाद्या पायरीची झिजलेली शिळा. ह्या चौथऱ्यांवर एकेकाळीं घरें उभीं होतीं. त्यांचे खांब, तुळया, वांसे, आढें आणि छप्पर ह्यांपैकीं आज कांहींही शिल्लक नाहीं. ११ जुलै २०२५ रोजीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. त्यांतले अकरा महाराष्ट्रांतले, एक तामिळनाडूंतला जिंजीचा. आणि राजगड त्या बारांतला एक. तट, बुरूज, दरवाजे आणि टांकीं ह्यांचा हा गौरव यथायोग्यच होय. परंतु ते दगड ज्यांनीं फोडले, वाहिले आणि रचले, तीं माणसें दिवस मावळल्यावर ज्या घरांत जाऊन निजत, त्या घरांचा इतिहास मात्र फारसा कोणीं लिहिलेला नाहीं.

ह्यास कारणही आहे. इतिहास लिहिणारा कागद पाहतो किंवा अवशेष पाहतो. मावळांतल्या कुणब्याच्या घराचा कागद कधीं झालाच नाहीं, आणि अवशेष मागें राहावा असें तें घर नव्हतेंच. लांकूड, कारवी, बांबू, गवत, माती आणि शेण ह्यांचें तें घर सोडून दिलें कीं दहापांच पावसाळ्यांत पुन्हां डोंगरांत मिसळून जाई. तरीही ज्या काळांत गडांवर राजधान्या बसल्या आणि उठल्या, त्या सर्व काळांत हें घर त्याच जागीं, त्याच आकारांत, पिढ्यान्‌पिढ्या उभें राहिलें. कच्च्या साहित्याचें घर इतकीं वर्षें कसें टिकलें, आणि शेवटीं तें कशामुळें मोडलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम प्रदेशाची ओळख हवी. पुणें जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस भोर आणि वेल्हें हे दोन तालुके सह्याद्रीच्या कण्याला लागून आहेत. हा मुलूख पूर्वीं पंतसचिवांच्या भोर संस्थानांत मोडत असे. तें संस्थान ८ मार्च १९४८ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला. परंतु जुन्या माणसांच्या तोंडीं वेल्हेंच आहे. डोंगरांच्या रांगांमधून नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी ह्या नद्या पूर्वेस उतरतात, आणि प्रत्येक नदीचें खोरें म्हणजे पूर्वींचें एकेक स्वतंत्र मावळ: हिरडस मावळ, वेळवंड खोरें, रोहिड खोरें, गुंजण मावळ, कानद खोरें. प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा. हिरडस मावळांत बांदल, गुंजण मावळांत शिळिमकर, कानद खोऱ्यांत मरळ आणि भोरजवळच्या कारीचे जेधे, हीं नांवें शिवकालाच्या अभ्यासकांस परिचित आहेत.

ह्या खोऱ्यांचा खरा धनी मात्र पाऊस होय. घाटमाथ्यावर तो १०० इंचांहून अधिक पडतो, आणि तेथून तीस-चाळीस मैल पूर्वेस गेलें तर वीस-पंचवीस इंचांवर येतो. इतक्या थोड्या अंतरांत पाऊस चौपटीनें बदलतो, तेथें घरही बदलल्यावांचून कसें राहील? पूर्वेकडे सोलापूर, मराठवाडा ह्या बाजूस दगडमातीच्या जाड भिंती आणि वर सपाट मातीचें धाबें असतें. उन्हाळ्याच्या तापांत तें घर थंड राहतें आणि थोड्या पावसास धाबें पुरतें. तेंच धाबें वेल्ह्यास बांधलें तर आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यांत खालीं येईल. मावळांतल्या घरानें म्हणून उतरतें छप्पर पत्करलें. पाण्याला घरावर क्षणभरही थांबूं द्यावयाचें नाहीं, हा त्या घराचा पहिला नियम.

घर बांधावयाचें तें भातखाचरांत नव्हे. डोंगराच्या कुशींत भाताजोगी सपाट, पाणी धरणारी जमीन थोडी. ती घरासाठीं दवडणें परवडण्यासारखें नसे. म्हणून खाचरांच्या वर, उताराच्या पायथ्याशीं, मुरमाड जागीं वस्ती बसे. शेतांतून वेंचलेल्या काळ्या दगडांचें जोतें मातींत रचावयाचें, आंत मुरूम भरून तो चोपावयाचा. जोतें असें उंच ठेवण्याचें कारण एकच: डोंगरावरून उतरणारें पाणी घराच्या बाजूनें निघून जावें.

जोत्यावर मेढी उभ्या राहत. मेढ म्हणजे वरच्या टोकास नैसर्गिक बेचकें असलेला खांब. ऐन, जांभूळ, हिरडा अशा झाडांतून अशीं बेचकीं शोधून आणीत. बेचक्यांत आढें बसलें कीं त्यास ना खिळा लागे ना चूल-खांच. जमिनींत जाणारा बुडखा विस्तवावर शेकून काळा करीत, म्हणजे त्यास वाळवी लवकर लागत नसे. आढ्यापासून दोन्ही बाजूंस वांसे उतरत, वांशांवर बांबूच्या किंवा कारवीच्या आडव्या काठ्या, आणि हें सर्व बांधावयाचें तें मुरडशेंगेच्या सालीच्या वाखानें किंवा रानवेलींनीं. लोखंड ह्या घरांत जवळजवळ नव्हतेंच. कोयता, कुऱ्हाड आणि पहार ह्यांपलीकडे लोहाराचें काम पडत नसे. दाराची चौकट करावयास मात्र सुतार येई आणि त्याचें बलुतें त्यास खळ्यावर धान्यानें मिळे.

भिंती कारवीच्या. कारवी ही सह्याद्रीच्या उतारांवर दाट माजणारी झुडपी वनस्पती. तिच्या सरळ, कणखर काठ्या मनगटापेक्षां बारीक असतात. सात-आठ वर्षांनीं एकदांच तिला जांभळा बहर येतो, सारा डोंगर एकदम फुलतो, मधमाशा लोटतात, आणि फुलून गेलेलें झुडूप वाळून जातें. त्याच्या बियांतून नवें रान पुन्हां उठतें. ह्या काठ्या एकाशेजारीं एक उभ्या करून आडव्या कामट्यांनीं आवळल्या कीं कूड झाला. माती, शेण आणि भाताचा कोंडा एकत्र मळून कुडाला आंतून-बाहेरून लिंपण दिलें कीं भिंत तयार. ही भिंत बोटांवर मोजण्याइतकी जाड. परंतु छपराचा भार ती वाहत नाहीं, तो मेढी वाहतात. म्हणून एखाद्या पावसाळ्यांत पश्चिमेचा कूड झडीनें धुऊन गेला तरी घर उभें राही, आणि दिवाळीनंतर तेवढाच कूड नवा बांधतां येई. भिंतीला झडीचा मार बसूं नये म्हणून मृगापूर्वीं त्या अंगास गवताच्या ताट्या बांधीत.

छपरावर डोंगरउतारावरचें लांब गवत, आणि तें कमी पडलें तर भाताचा पेंढा. पाखें इतकें खालीं आणीत कीं मोठ्या माणसास वाकूनच घरांत जावें लागे. वळचणीच्या पागोळ्या जोत्यापासून हातभर दूर पडल्या पाहिजेत, हें त्या खालीं ओढलेल्या पाख्याचें प्रयोजन. आंत एका अंगास गोठा, मध्यें माजघर, मागें चूल, आणि वर लांकडांचा माळा. गुरें त्याच छपराखालीं असत. पावसाळ्याच्या थंडींत त्यांची ऊब घरास मिळे आणि रात्रीं वाघराची भीति नसे. चुलीला धुराडें नव्हतें. धूर माळ्यावरून हिंडून गवतांतून झिरपत बाहेर पडे, आणि जातां जातां वांसे नि गवत काळें करून ठेवी. त्या काजळीनें किडा दूर राही, आणि माळ्यावर ठेवलेलें बियाणें कोरडें राही. कोपऱ्यांत कारवीची विणलेली, शेणानें लिंपलेली कणगी. तीही घराच्याच साहित्याची. घर आणि घरांतलें भांडें ह्यांची जात एकच.

ह्या सर्व वर्णनांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. ह्या साहित्यांतलें कांहींही विकत आणलेलें नव्हतें, आणि कांहींही कायमचें नव्हतें. गवत दोन-तीन पावसाळ्यांत कुजे. कूड चार-पांच वर्षांत बदलावा लागे. लिंपण तर दर वर्षीं. म्हणजे घर बांधून संपले असें कधीं होतच नसे. वर्षाच्या चक्रांत शेतीप्रमाणेंच घराचेंही एक वेळापत्रक होतें. कार्तिक-मार्गशीर्षांत भात झोडून झालें कीं डोंगरावरचें गवत कापून भारे बांधावयाचे. पौष-माघांत कारवी आणि बांबू तोडावयाचे. फाल्गुन-चैत्रांत कूड दुरुस्त करून भिंती लिंपावयाच्या. वैशाखांत जुनें गवत उतरवून नवी शाकारणी करावयाची, आणि उतरवलेलें कुजकें गवत शेतांत खतास न्यावयाचें. ७ जूनच्या सुमारास मृग लागे, आणि त्यापूर्वीं सर्व हातावेगळें झालें पाहिजे असा निर्बंध प्रत्यक्ष आकाशानेंच घातलेला होता.

हें काम एका कुटुंबाच्या हातून होण्यासारखें नव्हे. छपरावर दोघेतिघे बसलेले, खालून पेंढ्या फेंकणारे, आंतून वाख ओढून गांठ देणारे, अशी दहाबारा माणसें एका घरास लागत. म्हणून वाडींत सावड चाले. आज ह्याचें घर, उद्यां त्याचें; मजुरी द्यावयाची नाहीं, एक वेळचें जेवण घालावयाचें आणि आपली पाळी आली म्हणजे तितकेच हात परत मिळवावयाचे. शेतीच्या कामांत जिला इर्जिक म्हणतात तीच ही रीत. ज्याच्या घरीं पुरुषमाणूस उरलें नाहीं अशा विधवेचेंही घर ह्या फेऱ्यांत शाकारलें जाई, कारण तिचें छप्पर उडालें तर तें शेजाऱ्याच्याच अंगणांत पडणार. लिंपण आणि सारवण बायकांचें. माती खणण्यापासून ती तुडवून भिंतीवर हातानें सपाट ओढण्यापर्यंत सारें त्याच करीत. मावळच्या घराची भिंत हें अक्षरशः त्यांच्या हातांचें काम होय. त्यांच्या बोटांचे ठसे त्या भिंतीवर उमटलेले असत.

कच्च्या साहित्याचें घर पिढ्यान्‌पिढ्या कसें टिकलें ह्याचें उत्तर येथें मिळतें. तें घर आपल्या साहित्याच्या बळावर टिकलेंच नाहीं. डोंगराकडे जाणारी वाट मोकळी होती आणि वाडींतले हात एकमेकांना बांधलेले होते, ह्या दोन गोष्टींवर तें टिकलें. दगडाचा वाडा बांधणारा शंभर वर्षांचें काम एकदांच करून मोकळा होतो. मावळांतला कुणबी तेंच काम शंभर वर्षें दर वैशाखांत थोडें थोडें करीत असे.

सर्वांचीं घरें सारखीं होतीं असें मात्र समजूं नये. देशमुखाचा वाडा घडीव जोत्यावर, जाड भिंतींचा, कोरीव खांबांचा आणि कौलारू असे. कांहीं ऐपतदार पाटील-कुळकर्ण्यांच्या घरांवर कुंभारानें चाकावर घडवलेलीं नळीचीं कौलें येत. गांवकुसाबाहेरच्या वस्तींतल्या घरांना लांकूडही हलकें आणि जागाही सखल मिळे, आणि गांवाचें ओझें वाहणाऱ्यांच्या छपरास गवत सर्वांच्या शेवटीं मिळे. धनगरांचे वाडे उंच पठारांवर, गुरांच्या चाऱ्याच्या सोयीनें बसत. तीं घरें आणखी बुटकीं, वाऱ्याला पाठ देऊन बसलेलीं. भोर तालुक्यांतलें रायरेश्वराचें पठार तर समुद्रांतल्या बेटासारखेंच आहे. सुमारें साडेचार हजार फूट उंची, चहूंकडे कडे, पावसाळ्यांत खालचीं खोरीं ढगांनीं भरलीं म्हणजे वर तेवढी हिरवी जमीन तरंगत राहते. १६४५ सालीं शिवरायांनीं स्वराज्याची शपथ येथें घेतली अशी परंपरा आहे. देवाची सेवा करणारीं जंगमांचीं घराणीं त्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत. खालून ओझें वर चढवणें म्हणजे कड्याच्या वाटेनें डोक्यावर वाहणें; तेव्हां जें पठारावर उगवतें आणि जें पठाराच्या पोटांत सांपडतें, त्यावरच तेथल्या घरानें भागवलें. तेथील मातीच निरनिराळ्या रंगांची आहे, आणि सात रंगांची माती म्हणून ती प्रसिद्ध आहे.

झाडाचें मोल राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं लांकूड कसें तोडावें ह्याची आज्ञा आहे. आंबा, फणस अशीं झाडें रयतेनें पोटच्या लेंकरांप्रमाणें वाढवलेलीं असतात. तीं बळानें तोडूं नयेत, एखादें झाड जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें, असा तिचा आशय. राज्यास जहाज हवें असलें तरी रयतेच्या झाडावर तिची मालकी आधीं, हा विचार त्यांत आहे. मावळांतल्या घराचें आढेंही असेंच असे. नातवाच्या घरास लागेल म्हणून बांधावरचें झाड आजा राखून ठेवी. घराचें लांकूड म्हणजे दोन पिढ्यांपूर्वींच्या माणसाची ठेव.

ह्या व्यवस्थेस पहिला धक्का कोणत्या बाजूनें लागला? पुष्कळांस वाटतें कीं मंगळुरी कौलानें. मंगळूर येथें १८६५ सालीं बासेल मिशननें यंत्रावर कौलें करण्याचा कारखाना काढला, आणि आगगाडीबरोबर तीं लाल, चपटीं कौलें महाराष्ट्रांत सर्वदूर पसरलीं. परंतु कौल आलें म्हणून मावळचें घर मोडलें नाहीं. मेढी आणि वांसे तेच राहिले, फक्त गवताच्या जागीं कौल बसलें, आणि वर्षाआड होणारी शाकारणी वांचली. घर मोडलें तें डोंगराची वाट बंद झाल्यामुळें.

वेळवंडी नदीवर भाटघर येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक धरण झालें होतें. त्याच्या खालच्या बाजूस सुमारें एक मैल लांबीचें नवें दगडी धरण १९२८ सालीं पुरें झालें आणि मुंबईच्या एका माजी गव्हर्नराच्या नांवावरून त्यास लॉइड धरण म्हणूं लागले. त्या पाण्यानें नीरेच्या कालव्यांवर बारामती, इंदापूर, फलटण ह्या बाजूंस उंसाचे मळे उभे राहिले, आणि दुष्काळी मुलखाचें भाग्य पालटलें, हें नाकबूल करतां येणार नाहीं. परंतु वेळवंड खोऱ्यांतलीं भातखाचरें पाण्याखालीं गेलीं, आणि त्यांच्यावरचीं घरें उचलून वर सरकावीं लागलीं. लांकडाचें घर उचलून नेतां येतें, हा त्याचा एक गुण. मेढी, आढें, वांसे, दाराची चौकट सोडवून नवीन जागीं पुन्हां उभीं करतां येतात. जोतें मात्र नेतां येत नाहीं, विहीर नेतां येत नाहीं, आणि आज्यानें बांधावर राखलेलें झाड नेतां येत नाहीं.

पुढें हीच गोष्ट खोऱ्याखोऱ्यांत घडली. वेल्हें तालुक्यांत आंबी नदीवर पानशेतचें धरण बांधलें जात होतें. तें १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें आणि पुणें शहरांत हाहाकार झाला. ती आठवण पुणेंकरांच्या मनांत अजून ताजी आहे. त्या धरणाच्या पोटांत ज्यांचीं घरें होतीं त्यांची आठवण मात्र फारशी कोणास होत नाहीं. धरण पुन्हां बांधलें गेलें. त्यानंतर वरसगांव, नीरा-देवघर, गुंजवणी अशीं धरणें झालीं. उठलेल्या कित्येक कुटुंबांस पूर्वेकडच्या सपाट मुलखांत जमिनी मिळाल्या. तेथें कारवी नाहीं, ऐन नाहीं, डोंगरउताराचें गवत नाहीं. आणि शेजारीं नवीं माणसें, त्यामुळें सावडीची पाळीही नाहीं. मेढीस कोणतें बेचकें चालतें, कोणत्या पंधरवड्यांत तोडलेल्या बांबूस भुंगा लागत नाहीं, लिंपणांत कोंडा किती घालावा, हें सारें ज्ञान ज्याच्या डोक्यांत होतें तो मनुष्य त्या मोकळ्या माळावर एकाएकीं अडाणी ठरला. गेलेल्या जमिनीची कांहीं भरपाई झाली असेल. ह्या ज्ञानाची नोंद कोणत्याही पंचनाम्यांत झाली नाहीं.

जे खोऱ्यांतच राहिले त्यांच्या वाटा निराळ्या रीतीनें आखडल्या. विलीनीकरणानंतर १९२७ च्या वन कायद्याची चौकट येथें आली, आणि राखीव रानांतून लांकूड आणणें हा गुन्हा झाला. रान राखणें जरूर होतें. कोळशाच्या भट्ट्यांनीं उघडे पडलेले डोंगर पाहिलेला कोणीही तें मान्य करील. परंतु भट्टीसाठीं शेंकडों गाड्या तोडणारा आणि आढ्यासाठीं एक ऐन तोडणारा हे दोघे कायद्याच्या दृष्टीस सारखेच दिसले. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूसह गौण वनोपजावरचा रानवासीयांचा हक्क मान्य केला तो पुष्कळ उशीरां. तोंवर तरुण पुरुष मुंबईच्या गोदींत, गिरण्यांत आणि बाजारांत ओझीं वाहावयास गेलेले होते. वैशाखांत छपरावर चढणारे दहा हात वाडींत उरले नाहींत. मुंबईहून मनीऑर्डर येई, आणि मनीऑर्डरीनें गवत शाकारतां येत नाहीं. पत्रा मात्र विकत घेतां येतो. मावळांत पत्रा आला तो असा. त्यामागें आळस किंवा डामडौल शोधणें हा अन्याय होईल.

जुन्या घराचे दोषही येथें सांगितले पाहिजेत. गवती छपरास आगीची भीति सदैव. एका घराची ठिणगी वाऱ्यानें अख्खी वाडी घेऊन जाई. कुडांत विंचू आणि जोत्यांत साप. धूर बियाण्यास मानवे, परंतु चुलीपुढें जन्म काढणाऱ्या बाईच्या डोळ्यांस आणि छातीस मानवत नसे. डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहून दर वर्षीं भिंती लिंपणाऱ्या बायकांना पक्की भिंत हवीशी वाटली तर त्यांत नवल काय? १९८५ पासून इंदिरा आवास योजनेनें आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेनें खेड्यांतल्या गरिबांस पक्कीं घरें दिलीं, तेव्हां तीं त्यांनीं आनंदानें घेतलीं. मात्र सिमेंटच्या भिंतींचें, पत्र्याचें घर चैत्रांत भट्टीसारखें तापतें आणि आषाढांत पत्र्यावरच्या पावसानें शेजारीं बसलेल्याचा शब्द ऐकूं येत नाहीं. पक्कें घर आणि ह्या खोऱ्याचें हवामान ह्यांची सांगड अजून पुरती बसावयाची आहे.

ही अडचण एकट्या मावळाची नाहीं. स्कॉटलंडच्या वायव्येस लुइस नांवाचें बेट आहे. तेथें झाडें विरळ आणि वारा अखंड. तेथल्या शेतकऱ्यांनीं दगडांच्या दुहेरी भिंती रचून मध्यें माती भरली, वर गवताचें छप्पर घातलें आणि माणसें नि गुरें एका छपराखालीं ठेवलीं. धुराडें तेथेंही नव्हतें, आणि धुरानें काळें झालेलें जुनें छप्पर तेथेंही शेतांत खतास जाई. मावळांतला कुणबी आणि त्या बेटावरचा शेतकरी ह्यांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें नसेल. पाऊस, वारा आणि गरज ह्यांनीं दोघांस एकच धडा दिला. आर्नोल गांवांतलें तसलें एक घर आतां तेथें जतन करून ठेवलें आहे. जपानांत शिराकावा नांवाच्या डोंगरी गांवांतलीं उंच गवती छपरांचीं घरें तर १९९५ सालीं जागतिक वारशांत गणलीं गेलीं. तेथें एका घराची शाकारणी करावयास सारा गांव जमतो. आपल्याकडच्या सावडीस तेथें ‘युइ’ म्हणतात. शिराकावाचीं छपरें आज उभीं आहेत तीं त्या रिवाजामुळें.

आपल्या देशांतही ह्या विचारास मोठे पुरस्कर्ते लाभले. १९३६ सालीं गांधीजी वर्ध्याजवळ सेवाग्रामास राहावयास गेले तेव्हां कुटीस शंभर रुपयांवर खर्च होऊं नये आणि साहित्य त्याच परिसरांतलें असावें, असा त्यांचा आग्रह होता. केरळांत स्वस्त आणि स्थानिक साहित्याचीं घरें बांधणारे लॉरी बेकर (१९१७–२००७) आपल्या कामाचें मूळ गांधीजींच्या अशाच एका सूचनेंत असल्याचें सांगत. पांच मैलांच्या आंत जें मिळेल त्यांतून घर बांधावें, असा तिचा भाव होता. मावळांतल्या कुणब्यास ही सूचना कोणीं केली नव्हती. पांच मैलांपलीकडून आणण्याची ऐपतच त्याला नव्हती. परंतु त्या सक्तींतूनही त्यानें जें साधलें तें हलक्या मोलाचें नव्हे.

भाटघरच्या जलाशयांत कांबरे गांवचें कांबरेश्वराचें जुनें दगडी मंदिर वर्षांतले पुष्कळ महिने पाण्याखालीं असतें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं तें उघडें पडतें, आणि आजूबाजूच्या गांवांतले लोक चिखल तुडवीत दर्शनास येतात. देव वर्षांतून एकदां भेटतो. ज्या घरांतून त्याच्या नैवेद्याचीं ताटें जात, त्या घरांपैकीं मात्र एकही उन्हाळ्यांत वर येत नाहीं. त्यांचा कूड आणि गवत पहिल्याच वर्षीं पाण्यांत विरलें, आणि लांकूड आधींच उचलून नेलेलें होतें.

राजगडाच्या चौथऱ्यांचीं मापें घेतलीं गेलीं, नकाशे झाले, आणि तें योग्यच झालें. त्याच गडाच्या पायथ्याशीं गुंजवणें, पाली, वाजेघर ह्या गांवांत आणि वरच्या वाड्यांत कुडाची भिंत लिंपलेली आणि मेढीवर आढें चढवलेलीं माणसें अजून हयात आहेत. त्यांचीं वयें मात्र झालीं आहेत. त्यांच्याकडून मेढीचें बेचकें, वाखाची गांठ आणि लिंपणाचें प्रमाण लिहून घ्यावयास दगड मोजण्याइतका खर्च येणार नाहीं. शाळांतल्या मुलांस हातीं वही देऊन एका उन्हाळ्याच्या सुटींत हें काम करतां येईल. चौथरा आणखी दोनशें वर्षें वाट पाहूं शकतो. ह्या माणसांच्या बाबतींत तितका अवकाश नाहीं.